इंग्रजीतून निसटलेला ‘तू’

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी रशियन शिकायला लागलो, तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, ‘‘साहेब, यातून परतावा काय?’’ प्रश्न रास्त होता. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही जन्मभर हेच विचारत आलो.

दुभाष्याचं काम, व्यापार ही उत्तरं आहेतच. रशियात डॉक्टर व्हायला गेलेल्या आपल्या मुलांनाही रुग्णाशी बोलायला रशियनच लागतं. माझं उत्तर मात्र एका सर्वनामात आहे.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत सोव्हिएत पुस्तकं अगदी स्वस्तात मिळत. त्यांनी रशियन साहित्याचं वेड लावलं आणि मी दोस्तोयव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही १८६६ची कादंबरी इंग्रजीतून वाचली. रास्कोलनिकोव सोनियाजवळ खुनाची कबुली देतो, त्या प्रकरणाने झोप उडवली होती. चाळीस वर्षांनी, कोश मांडीवर घेऊन, मूळ पुस्तकात आधी तेच प्रकरण उघडलं. सोनिया त्याला ‘तुम्ही’ म्हणणारी, गरीब, भिडस्त मुलगी. खून यानेच केला हे उमगल्यावरही तिच्या तोंडून आधी ‘तुम्ही’च येतं. मग ती त्याच्या गळ्यात पडते आणि एकदम ‘तू’वर येते!

इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’. इंग्रजीवरून मराठी करणारा बिचारा अनुवादक अंदाजच बांधणार. आपल्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही असताना हा क्षण मधल्या दलालीत जावा, याचं मला फार वाईट वाटलं.

लिपीला घाबरू नये. तेहतीस अक्षरं, पंधरा दिवसांचं काम. विभक्ती सहा, शाळेत प्रथमेपासून संबोधनापर्यंत घोकलेल्यांना त्यांचं काय! लिंगं आपल्यासारखीच तीन. भाऊ म्हणजे ‘ब्रात’, दार म्हणजे ‘द्वेर’. भ्राता आणि द्वार आठवतातच. फ्योदोर मिखाइलोविच दोस्तोयव्हस्की यातलं मधलं नाव वडिलांवरून आलेलं, थेट आपल्या पासबुकासारखं. छळतात ती क्रियापदं. ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढलं’ यांतला फरक दाखवायला तिथे बहुतेक क्रियापदांची जोडी असते, आणि मी हमखास चुकीचं निवडतो. आमच्या बाईंनी आता रागावणंही सोडलं आहे.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं, तेव्हा घरातूनच प्रश्न आला, ‘‘त्यांची भाषा कशाला शिकायची?’’ त्या आक्रमणाचं समर्थन मी करणार नाही. पण भाषा सत्ताधाऱ्यांच्या नावावर चढवायला मी तयार नाही. खुद्द दोस्तोयव्हस्कीला झारच्या राजवटीने १८४९ मध्ये मृत्युदंड सुनावला आणि शेवटच्या क्षणी तो बदलून सक्तमजुरीसाठी सैबेरियात धाडलं.

रोज अर्धं पान होतं. कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केली आहे. या गतीने अजून दोन वर्षं तरी जातील. परताव्याची चौकशी एवढ्यात करू नये, असं त्या सहकाऱ्याला कळवलं आहे.