तळघरात एकदा तरी उतरून या

आपण आयटीवाले दिवसभर ज्याच्या जिवावर उड्या मारतो, ती वस्तू आपल्यापैकी किती जणांनी उघडून बघितली आहे? मी बोलतोय ग्लिबसीबद्दल, म्हणजे बहुतेक लिनक्स डिस्ट्रोंवरच्या सी लायब्ररीबद्दल. तिथे तुम्ही पायथन लिहा नाहीतर जावा, फाईल उघडायची किंवा मेमरी मागायची म्हटलं की वाट सहसा तिच्यातूनच जाते. तरीही "ते सिस्टीमचं आहे, त्यात आपण काय बघणार" म्हणून आपण लांबूनच नमस्कार करतो. माझं म्हणणं असं, की प्रत्येक प्रोग्रॅमरने एकदा तरी ती सोर्सवरून बिल्ड करावी आणि डीबगर लावून आत शिरावं.

काम वाटतं तेवढं अवघड नाही. सोर्स उतरवायचा, बिल्डसाठी वेगळी डिरेक्टरी करायची (सोर्सच्याच डिरेक्टरीत कॉन्फिगर चालत नाही, सोवळं फार!), मग कॉन्फिगर, मग मेक, मग चहा. पथ्य एकच. ती सिस्टीमच्या लायब्ररीवर इन्स्टॉल करू नका. काही बिनसलं तर एलएस, सीपी सगळेच एकदम मान टाकतात आणि दुरुस्तीला हातात हत्यारच उरत नाही. बिल्ड डिरेक्टरीत टेस्टरन नावाची स्क्रिप्ट तयार होते, तिच्यामार्फत आपला छोटासा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालवून बघा. जीडीबीत बरीच व्हेरिएबल्स 'ऑप्टिमाइझ्ड आउट' दिसतील, कारण ही लायब्ररी ऑप्टिमायझेशन बंद करून बिल्डच होत नाही. चालायचंच.

आता तुम्ही म्हणाल, या उपद्व्यापाचा फायदा काय? एक जुना किस्सा सांगतो. २०१० साली फेडोरा १४ वर ६४ बिट फ्लॅश प्लगइनचा आवाज खरखरायला लागला. फ्लॅशमध्ये काहीच बदललं नव्हतं! बदललं होतं ग्लिबसीमधलं मेमकॉपी. वेग वाढवण्यासाठी ते काही प्रोसेसरांवर मेमरी उलट्या दिशेने कॉपी करू लागलं होतं. कॉपी करायचे दोन भाग एकमेकांवर चढत असतील तर मेमकॉपी नव्हे, मेममूव्ह वापरायचं, हा सी भाषेचा नियम. फ्लॅशने तो मोडला होता, पण इतकी वर्षं नशिबाने निभावलं होतं.

चूक कुणाची? नियमाप्रमाणे फ्लॅशची. पण खुद्द लिनस टोरवाल्ड्स त्या चर्चेत उतरले आणि वापरणाऱ्याच्या बाजूने भांडले. ज्याचं गाणं बिघडलं त्याला नियमाशी काय देणंघेणं? शेवटी २०११ मध्ये ग्लिबसी २.१४ ने मेमकॉपीला नवी आवृत्ती दिली. जुने प्रोग्रॅम जुन्याच नावाने सुखरूप राहिले. मला टोरवाल्ड्स यांचं पटतं. पण बघा, हे भांडण करायलासुद्धा आत काय चाललंय ते आधी कळावं लागतं.

आणि हा नुसता हौसेचा मामला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या लायब्ररीतलं चोरदार उघडकीला आलं. गंमत म्हणजे त्याचा कळीचा तुकडा गिटमध्ये नव्हताच, तो रिलीजच्या टारबॉलमधल्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये लपवला होता. म्हणजे गिटमधला सोर्स वाचणाऱ्यालाही पूर्ण चित्र दिसलं नसतं. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. बास, एवढंच!

'सोर्स खुला आहे' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. दार उघडं असून कुणी आत जातच नसेल तर ते बंद असल्यासारखंच की! रोज जावं असं मी म्हणत नाही, पोटापाण्याची कामं असतातच. पण एकदा जाऊन आलेल्या माणसाला पुढे कधी अर्धा सेकंद खटकला, तर तो "सिस्टीमचं काहीतरी असेल" म्हणून गप्प बसत नाही. असे चार लोक प्रत्येक टीममध्ये हवेत. एक शनिवार त्यासाठी काही फार नाही.