जिलबी तळाला बसली!

२०२१ च्या ऑगस्टमधली ती बातमी आठवतेय? पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात एकाच फेरीत १५७ घोळ मासे आले आणि लिलावात त्यांचे तब्बल १ कोटी ३३ लाख रुपये झाले. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी त्या दिवशी ऑफिसात बसून रेझिग्नेशन टाइप करायला घेतलं असणार. पण गंमत पुढेच आहे. घोळीला एवढा भाव येतो तो तिच्या तुकड्यांमुळे नाही, तर पोटातल्या एका पिशवीमुळे. मच्छीमार तिला बोत म्हणतात, पुस्तकी मराठीत ती वाताशय आणि आपल्या भाषेत स्विम ब्लॅडर.

आज मला बोलायचंय ते याच पिशवीबद्दल. फक्त पिशवी घोळीची नाही, तुमच्या-आमच्या सोसायटीच्या तळ्यातल्या कोईची. तिला बाजारात कुणी दमडी देणार नाही. पण ती बिघडली की काय होतं, हे मी या जानेवारीत फार जवळून बघितलंय.

हल्ली नवीन टॉवर म्हटला की जिम, क्लब हाउस आणि गेटपाशी कोईचं तळं हे पॅकेज ठरलेलं असतं. ब्रोशरमध्ये त्याच्या शेजारी हमखास एक हसरं कपल उभं असतं. हा कोई म्हणजे मुळात कार्पच. आपल्याकडे धरणांतून निघणारा आणि मंडईत ‘सायप्रिनस’ नावाने विकला जाणारा मासा त्याचा अगदी सख्ख्या नात्यातला. जपानमधल्या निगाता भागातल्या भातशेती करणाऱ्या शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खायला पाळलेल्या कार्पमधून रंगीत पिल्लं निवडून निवडून हा देखणा वंश तयार केला. १९१४ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात तो झळकला आणि मग जगभर गेला. नीट सांभाळला तर कोई पंचवीस-तीस वर्षं आरामात जगतो. म्हणजे तुमच्या होम लोनपेक्षाही जास्त.

आता ती पिशवी. कोईच्या पोटात पाठीच्या कण्याखाली तिचे दोन कप्पे असतात, एक पुढे आणि एक मागे. मागच्या कप्प्यातून एक बारीक नळी थेट अन्ननलिकेत उघडते. त्यामुळे कोई पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळून पिशवी भरू शकतो आणि जास्त झालेली हवा सोडूनही देऊ शकतो. या हवेच्या जोरावर तो शेपूट न हलवता पाण्याच्या मधोमध तरंगत राहतो. आणखी एक कमाल म्हणजे पुढच्या कप्प्यापासून कानापर्यंत चिमुकल्या हाडांची एक साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० मध्ये तिचं वर्णन केलं. पाण्यातली थरथर आधी पिशवीला जाणवते आणि तिथून कानाला कळते. म्हणजे एकाच अवयवात लाइफ जॅकेट आणि इअरफोन!

आमच्या तळ्यात नऊ कोई आहेत. त्यांच्यातली सगळ्यात मोठी, केशरी-पांढरी, साधारण हातभर लांब. बिल्डिंगमधल्या पोरांनी तिचं नाव ठेवलंय जिलबी. जानेवारीतल्या एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी वॉचमन मामांनी मला गेटवर थांबवलं. ‘मॅडम, जिलबी उठंना झालीया. कालधरनं खालीच बसलीया.’ मी वाकून बघितलं. बाकीचे आठ मजेत फिरत होते. ही मात्र पोट टेकून तळाशी. खाणं टाकल्यावर बिचारीने वर यायचा प्रयत्न केला, शेपटीचे जोरजोरात फटके मारले, फूटभर वर आली आणि शेपटी थांबताच दगडासारखी खाली गेली.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणाला, मटार खायला घाला. दुसरा म्हणाला, निळं औषध ओता. एका काकांनी तर ‘नदीत सोडून द्या, तिची ती बघून घेईल’ असं लिहून खाली हात जोडले. हा शेवटचा सल्ला सगळ्यात डेंजर. कार्प हा आपल्या नद्यांमधला मूळचा मासा नाही. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो आणि इथल्या माशांच्या जेवणावर हात मारतो. त्यात तो आजारी असेल तर आजारही सोबत घेऊन जातो. सोडायचा नाही म्हणजे नाही.

मग करायचं काय? मी पत्रकार असल्यामुळे मला प्रश्न विचारायची सवय आहे, तेव्हा चार फोन फिरवले. शहरात कोई पाळणारी माणसं बरीच आहेत आणि ती स्वतःच्या मुलांबद्दल बोलावं तशी बोलतात. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: औषध नंतर, पाणी आधी.

कारण स्विम ब्लॅडरचा त्रास हे आजाराचं नाव नाहीच, ते लक्षण आहे. आपल्याला ताप येतो तसं. कारणं डझनभर. एकाच वेळी बरेच मासे बिघडले तर संशय पाण्यावर. एकटाच बिघडला तर संशय त्या माशावर. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासायचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्हीचं उत्तर शून्य यायला हवं. आमच्याकडे शून्यच आलं. पण थर्मामीटरने पोल खोलली. सकाळी सहा वाजता पाणी १५ अंश, दुपारी तीनला २२. आमचं तळं जेमतेम दोन फूट खोल. उथळ पाणी पटकन तापतं आणि पटकन गार होतं. कोईला थंडी चालते, पण हा रोजचा झोका चालत नाही. त्याच्या अंगातली सगळी यंत्रणा पाण्याच्या तापमानावर चालते. गारठ्यात पचन मंदावतं, प्रतिकारशक्तीही मंदावते आणि एरवी गप्प बसणारे जिवाणू संधी साधतात.

म्हणून जिलबीला अ‍ॅडमिट करायचं ठरलं. पार्किंगमध्ये तीनशे लिटरचा टब, क्लोरीन घालवलेलं पाणी, त्यात निम्मं तळ्यातलंच, एक एअर पंप आणि एक हीटर. आणायचं कसं, हाही प्रश्न होता. जाळ्यात उचलला तर मोठा कोई स्वतःच्याच वजनाने दुखावतो, त्याचे खवले निघतात. त्यामुळे जाळीने नुसतं हळूच वळवायचं आणि पाण्यासकट मोठ्या घमेल्यात घ्यायचं. हे काम मामांनी असं केलं की बघत राहावं.

टबात पाणी फार भरायचं नाही. पाठ बुडून वर चार-पाच इंच राहिलं की पुरे. ज्याला वर येताच येत नाही, त्याला वर येण्यासाठी कमीत कमी अंतर द्यायचं, एवढं साधं लॉजिक. तापमान एकदम वाढवायचं नाही. दिवसाला एक-दोन अंश करत २४-२५ पर्यंत न्यायचं. पाणी गरम होतं तसा त्यातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू.

आणि मीठ. हा या ट्रीटमेंटमधला आपला घरगुती हीरो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यामुळे पाणी सतत आत घुसत राहतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर फेकत राहतात. मासा आजारी असला तरी ही ड्यूटी सुटत नाही. पाण्यात थोडं मीठ असेल तर आतल्या-बाहेरच्यातला फरक कमी होतो आणि बिचाऱ्याला जरा दम खाता येतो. प्रमाण लिटरमागे तीन ग्रॅम. म्हणजे आमच्या तीनशे लिटरला नऊशे ग्रॅम साधं खडे मीठ. पण एकदम नाही, बारा-बारा तासांनी तीनशे-तीनशे ग्रॅम विरघळवून. खाणं तीन दिवस बंद. रोज पाव टब पाणी बदलायचं आणि जेवढं पाणी काढलं, तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं.

आता तुमच्या मनातला मटार. त्यात तथ्य आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतले पशुवैद्यक ग्रेगरी लुबार्ट यांनी तरंगणाऱ्या माशांना हिरवे मटार देण्याबद्दल २००० मध्ये लिहिलं आणि तेव्हापासून मटार जगभर फेमस झाले. पण शब्द नीट वाचा: तरंगणाऱ्या. मासा वर उलटा किंवा कलता तरंगत असेल, पोट फुगलं असेल, तर जास्त खाणं किंवा बद्धकोष्ठ हे कारण असू शकतं. कोईला पोट म्हणजे जठर नसतंच, अन्न थेट आतड्यात. तरीही आपण सुट्टीच्या दिवशी मूठ-मूठ खाणं फेकत राहतो. अशा वेळी दोन-तीन दिवस उपास आणि मग उकडून साल काढलेला मटार, हे करून बघण्यासारखं आहे. तरंगणाऱ्या माशाची पाठ पाण्याबाहेर राहून सुकते आणि तिथे जखमा होतात, तिकडेही लक्ष ठेवायचं. जो तळाला बसलाय, त्याला मटाराचा काय उपयोग? वर हवा जास्त झाली ही एक केस, आत हवाच उरली नाही ही दुसरी.

आणि त्या निळ्या औषधाचं म्हणाल, तर एका दुकानदाराने मला आजार न विचारताच ते काउंटरवर ठेवलं होतं. बुरशीवर त्याचा उपयोग होतो. पिशवीशी त्याचा काही संबंध नाही, उलट फिल्टरमधल्या चांगल्या जिवाणूंचं मात्र नुकसान होतं. तळ्यात अँटिबायोटिकच्या गोळ्या ओतणं हा त्याचाच मोठा भाऊ.

पाच दिवसांनी जिलबी जरा तरतरीत वाटली, पण उठेना. मग डॉक्टर. दोन क्लिनिक्समध्ये ‘आम्ही कुत्री-मांजरंच बघतो’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या ठिकाणी पक्षी-कासवं बघणाऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी जिलबीला पाण्यातूनच हलकी भूल दिली, ओल्या स्पंजावर आडवं केलं आणि काही सेकंदांत एक्स-रे काढला. निरोगी कोईच्या एक्स-रेत पोटात दोन काळेशार फुगे दिसतात, कारण हवा काळी दिसते. जिलबीचा पुढचा फुगा ठीक होता. मागचा आक्रसलेला आणि करडा. ‘हवेच्या जागी पाणी झालंय, बहुतेक इन्फेक्शन,’ डॉक्टर म्हणाल्या. उपाय म्हणजे दिवसाआड इंजेक्शन, आणि ते त्यांनीच द्यायचं. ‘बरी होईल?’ मी विचारलं. ‘सांगता येत नाही,’ त्या म्हणाल्या. मला ते प्रामाणिक उत्तर आवडलं.

खरा ड्रामा त्यानंतर झाला. रविवारच्या मीटिंगमध्ये बिल टेबलवर आलं आणि सेक्रेटरी काकांनी हिशेब मांडला: नवीन कोई याच्या निम्म्या किमतीत येतो. हिशेब बरोबर होता. कुणाकडेच उत्तर नव्हतं. तेव्हा तिसरीतली एक मुलगी, जी खरं तर आईला घरी न्यायला आली होती, म्हणाली, ‘पण काका, ती जिलबी नसेल ना!’ काका दोन मिनिटं चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, ‘तीन इंजेक्शनं करू. त्यानंतर डॉक्टर सांगतील ते.’

मला हा ‘त्यानंतर’ महत्त्वाचा वाटतो. कधीकधी त्यानंतर काही उरत नाही. पिशवी कायमची निकामी झाली असेल, आत गाठ असेल, अंगावर जखमा वाढत असतील आणि मासा आठवडेच्या आठवडे खात नसेल, तर डॉक्टर भुलेचा जास्त डोस देऊन त्याला शांतपणे जाऊ देतात. तो जीव किंचाळू शकत नाही, म्हणून त्याला फ्रीझरमध्ये टाकणं किंवा गटार दाखवणं चालत नाही.

जिलबीवर ती वेळ आली नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी सकाळी ती टबात अधांतरी थांबलेली दिसली. शेपूट स्थिर, फक्त कल्ले हलतायत. मामांनी पोरांना हाका मारून गोळा केलं. पाण्याची गरमी हळूहळू कमी करत, तळ्याच्या तापमानाला आणून, दहा दिवसांनी तिला परत सोडलं. अजूनही ती थोडी डावीकडे कलून पोहते. डॉक्टर म्हणतात, ते तसंच राहील बहुधा.

सोसायटीने आता तळं चार फूट खोल करायचं एस्टिमेट मागवलंय. तोपर्यंत थंडीच्या रात्री वरून शीट टाकायची, पाणी १० अंशांच्या आसपास गेलं तर खाणं बंद, आणि गेटवरच्या रजिस्टरमध्ये रोज सकाळी पाण्याचं तापमान लिहायचं. ते मामाच लिहितात, व्हिजिटर्सच्या नावांच्या वर.

तर दोस्तहो, तुमच्याही गेटपाशी तळं असेल तर उद्या कॅब यायच्या आधी दोन मिनिटं त्यात डोकवा. मासे मोजा. एखादा वरच राहिलाय का, एखादा खालीच बसलाय का, बघा. आणि काही वेगळं दिसलं तर तुमच्या वॉचमन मामांना विचारा. त्यांच्या लक्षात ते तुमच्या दोन दिवस आधी आलेलं असेल.