पिशवी काढण्याआधी आत बघा

तळेघरच्या बैठकीत एक बाई शेवटपर्यंत गप्प होती. बाकीच्या उठल्यावर म्हणाली, "ताई, पाळी आली की पोट फाटल्यागत दुखतं, अन् अंगावरून थेंबभरच जातं. डॉक्टर म्हणतो, पिशवीच काढून टाक." वय चौतीस. दोन वर्षांपूर्वी गर्भ पडल्यावर क्युरेटिंग झालेलं. पाळी तेव्हापासून कमी झाली का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

गर्भाशयाचं तोंड अरुंद झालं तर असं होऊ शकतं. क्युरेटिंग, तोंडावरची शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग यांनी तिथे व्रण धरतो. पाळी गेल्यावरही वाट आवळते. रक्त आत अडतं, कळा येतात. दिवस राहायला अडचण येते, आणि गाव बाईलाच वांझ म्हणून मोकळं होतं.

यावर दुर्बिणीचा उपचार आहे, हिस्टेरोस्कोपी. योनीमार्गातून बारीक दुर्बीण नेतात, सलाईन सोडून वाट डोळ्यांनी पाहतात आणि लहानशा कात्रीने व्रण सोडवतात. पोटावर टाका नाही, बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येतं, पिशवी शाबूत राहते. धोका अजिबात नाही असं मात्र नाही. पिशवीला भोक पडू शकतं, तोंड पुन्हा आवळू शकतं. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं, तर कर्करोगाची तपासणी आधी हवी. ते अंगावर काढू नये.

मग काढून टाकण्याचीच घाई का? बीडमध्ये २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. प्रत्येकीचं कारण वेगळं असेल, पण दुसरा उपाय किती जणींना सांगितला गेला? (दुखणं बाईचं, पिशवी बाईची, आणि सही नवऱ्याची!) दुर्बीण शहरात आणि बाई डोंगरात, हे आम्हाला मान्य नाही. तळेघरहून एसटीने मंचरला जाऊन संध्याकाळी परतता येतं. निदान तिथवर ही सोय ठरलेल्या दिवशी, फुकट मिळाली पाहिजे.

मैत्रिणींनो, गटात कुणाला पिशवी काढायला सांगितलं असेल, तर तिचे जुने कागद आधी पाहा. आमच्या या बाईचा क्युरेटिंगचा कागद पत्र्याच्या पेटीत सापडला. भाताची लावणी उरकली की तो घेऊन आम्ही दोघी पुण्याला जाणार आहोत.