पुराचा विमा : सरकारी सोडून खासगी घ्यावा का?

गेल्या महिन्यात पालकसभा संपल्यावर एक दादी मागे थांबल्या. नातू माझ्या वर्गात आहे, मुलगा कुवेतला, घर चिपळूणला पेठमापात. पुरानंतर सारे कुटुंब रत्नागिरीला भाड्याने राहते, तिकडचे घर बहुतेक बंदच. त्या घराचा विमा सरकारी कंपनीचा आहे आणि एका खासगी कंपनीचा माणूस कमी हप्ता सांगून गेला होता. "मॅडम, बदलू का? सरकारीच बरा ना, बुडणार तर नाही?"

मी म्हटले, आधी कागद आणा.

असे म्हणण्याचे कारण आमच्या घरातच आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी मामूंच्या घरात शिरले आणि माडीच्या पायऱ्यांपर्यंत चढले. फ्रिज, कपाटे, मामीने लेकीच्या लग्नासाठी जमवलेले कपडे, सगळा चिखल. मामू मात्र शांत होते, कारण विमा होता. कंपनीत गेल्यावर कळले की जुन्या पद्धतीच्या त्या आगीच्या पॉलिसीतून वादळ आणि पुराचा भाग वगळलेला होता. तो वगळला की हप्ता थोडा कमी होतो. कोणी कधी वगळला, मामूंना आठवेना. दर वर्षी पैसे भरायचे आणि पावती कुराण शरीफच्या कपाटाखालच्या खणात ठेवायची, एवढेच त्यांना माहीत. कंपनीचे नाव घेत नाही. सही मामूंचीच होती.

मग राहिली शासनाची मदत. त्या वर्षी ३ ऑगस्टला जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये बाधित कुटुंबाला १० हजार रुपये सानुग्रह अनुदान होते आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. मामूंच्या भिंती उभ्या होत्या, त्यामुळे हातात १० हजारच आले. तलाठ्याचा पंचनामा म्हणजे विमा नव्हे. ती मदत आहे, भरपाई नाही. हा घोळ आपल्याकडे फार जणांच्या मनात आहे.

दुसरा घोळ 'सरकारी' या शब्दाचा. १९७३ पासून सर्वसाधारण विमा सरकारच्या हाती होता, २००० नंतर खासगी कंपन्या आल्या. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्या आजही सरकारी आहेत. पण दोन्हीकडच्या कंपन्यांवर नियामक एकच. त्याच नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची घराची पॉलिसी सर्व कंपन्यांना विकायला लावली. मूळ मजकूर सगळीकडे सारखा. पूर, वादळ, भूकंप, दरड हे त्यात धरलेलेच असते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, यादी न देता संरक्षण मिळते. दागिने मात्र वेगळे लिहावे लागतात.

एक फरक गणितानेच सांगते. समजा घर पुन्हा बांधायला २० लाख लागतात आणि तुम्ही विमा १० लाखांचाच घेतला. पुरात ४ लाखांचे नुकसान झाले. जुन्या पॉलिसीत विमा निम्मा म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे २ लाख. नव्या पॉलिसीत ही कपात नाही. रक्कम ठरवताना जागेची बाजारातली किंमत धरू नका, बांधकामाचा खर्च धरा. जमीन वाहून जात नाही, तिचा विमाही होत नाही.

विमा घ्यावा की नाही, हा प्रश्न बऱ्याच घरांत व्याजाच्या शंकेने अडतो. मलेशियात १९८४ पासून तकाफुलचा कायदा आहे, आपल्याकडे घरासाठी तशी सोय सहज मिळत नाही. उलेमांची मते एकसारखी नाहीत आणि मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. आपल्या आलिमांना जरूर विचारा. फक्त विचारायला जाताना पॉलिसीचा कागद सोबत न्या, म्हणजे उत्तर त्या कागदाबद्दल मिळेल.

दादींचा कागद आला. तोही जुन्या पद्धतीचाच, पण पूर वगळलेला नव्हता. अलहमदुलिल्लाह. मी त्यांना तीन गोष्टी लिहून दिल्या. घर बंद असते हे अर्जात स्पष्ट लिहायचे आणि त्यावर कंपनीचे उत्तर लेखी घ्यायचे. जुन्याची मुदत ज्या रात्री संपते त्याच क्षणापासून नवा सुरू व्हायला हवा, कारण मुदत संपते ३० जूनला, ऐन पावसात. आणि दावा नाकारलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे फी लागत नाही. मामूंना तेव्हा हे कोणी सांगितले नाही, सांगितले असते तरी सही आडवी आलीच असती.

कंपनी बदलायची का, हे मी सांगितले नाही. त्यांच्या सरकारी कंपनीकडेही हीच नवी पॉलिसी आहे, हप्ता तेवढा विचारायचा आहे. नातवाने दोन्ही कागद आजीला वाचून दाखवायचे ठरले आहे. मराठीत मागितलेत, अजून आलेले नाहीत.