उमराहला निघण्याआधी फोनचे कुलूप पाहिले का?

यवतमाळ जिल्ह्यातून उमराह आणि हजला जाणाऱ्यांची तयारी आम्ही दरवर्षी पाहतो. पुसद घ्या, दिग्रस घ्या, उमरखेड घ्या. एहराम, कमरेचा पट्टा, औषधे, लोणचे, सगळे आठवणीने बॅगेत जाते. फोनचे मात्र "आहे ना खिशात" एवढ्यावर भागवतात. पूर्वी भागायचे. आता मदीन्यात रियाजुल जन्नामध्ये नमाज पढायची तर नुसूक ॲपवर आधी वेळ घ्यावी लागते. हरमच्या गर्दीत अम्मी चुकली तर तिला शोधायचे ते फोननेच. आणि मक्केत उतरल्यावर कळले की या फोनमध्ये सौदीचे सिमच चालत नाही, तर?

ही भीती उगाच नाही. आमच्या नात्यातल्या एका खालांना अमेरिकेतल्या भाच्याने खास उमराहसाठी फोन पाठवला. महागडा, डब्यासकट. इथले सिम टाकले तर फोन ते घेईना. बाजारातल्या दुकानदाराने दोनदा चकरा मारायला लावल्या आणि मग म्हणाला, तीन हजार द्या, लॉक तोडून देतो. दोन दिवसांनी नागपूरहून विमान! शेवटी खाला मुलीचा जुना, काच तडकलेला फोन घेऊन गेल्या. नवा फोन कपाटात राहिला. तो बिघडलेला नव्हता. भाच्याने तिकडच्या मोबाईल कंपनीकडून हप्त्यावर घेतला होता आणि हप्ते अजून संपायचे होते.

मुळात गोष्ट तंत्राची कमी आणि उधारीची जास्त आहे. अमेरिकेत बरेच लोक फोन मोबाईल कंपनीकडूनच, मासिक बिलात हप्ता लावून घेतात. पैसे फिटेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून कंपनी फोनला आपल्या सिमपुरते कुलूप घालते. हप्ते पूर्ण झाले, ठरावीक दिवस वापर झाला की मागणी केल्यावर ते काढून मिळते. तसा ग्राहकाच्या बाजूचा कायदाही तिथे 2014 मध्ये झाला. कॅनडाने तर 1 डिसेंबर 2017 पासून नवे फोन कुलूप न लावताच विकायचे बंधन घातले. ब्रिटनने डिसेंबर 2021 पासून तेच केले. म्हणजे भाऊ टोरांटोत असेल तर त्याच्या नव्या फोनची काळजी कमी, शिकागोत असेल तर आधी विचारून घ्या. विचारायचे एवढेच: फोन रोख घेतला की कंपनीच्या हप्त्यावर?

आपल्याकडे फोन दुकानातून आणि सिम वेगळे, अशी रीत असल्याने हे कुलूप लोकांना माहीतच नाही. अपवाद मात्र आहेत. 2008 मध्ये भारतात पहिल्यांदा अधिकृतपणे आलेला आयफोन एअरटेल आणि व्होडाफोनने असाच बांधून विकला होता. 31,000 रुपयांचा फोन आमच्या मोहल्ल्यात कोण घेणार होते म्हणा! आपल्या घरांत पोहोचला तो जिओफोन, 2017 मध्ये, 1,500 रुपये अनामत भरून. पुढे 2023 मध्ये 999 रुपयांचा जिओभारत आला. दोन्ही जिओच्याच सिमवर चालणारे. शेतावर, बाजारात, घरी बोलायला त्यात काही वाईट नाही, स्वस्ताईचे कारणच ते आहे. पण अब्बा तोच फोन घेऊन जेद्दाहला उतरले आणि विमानतळावर पासपोर्ट दाखवून सौदीचे सिम घेतले, तर ते या फोनमध्ये उपयोगाचे नाही.

आणखी एक प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. सॅमसंगचे बरेच फोन ज्या प्रदेशासाठी विकले जातात, तिथल्या सिमवरून आधी पाच मिनिटे बोलणे व्हावे लागते. तोवर ते दुसऱ्या प्रदेशाचे सिम स्वीकारत नाहीत. डब्यावर बारीक अक्षरांत तशी सूचना असते, पण ती वाचतो कोण? आपल्या लोकांची सवय अशी की नवा फोन मक्केतच उघडू, बरकत होईल. तसे करू नका. घरीच उघडा, इथले सिम टाका, फुफीला, मामूंना फोन लावा. पाच मिनिटे तर आपल्याकडे सलाम-दुआतच जातात.

आखातातून येणाऱ्या फोनचे वेगळेच. 2025 मध्ये आलेल्या आयफोन 17 ला सौदी, अमिरात, कतार, कुवेत, बहरीन, ओमान इथे सिमची खाचच ठेवलेली नाही, फक्त ई-सिम. अमेरिकेत हे 2022 च्या आयफोन 14 पासून आहे. मुलगा रियाधहून असा फोन घेऊन आला तर कुलूप नसूनही घरातले छोटे सिमकार्ड त्यात बसणार नाही. ते ई-सिममध्ये बदलून घ्यावे लागते. हे काम विमानाच्या आदल्या रात्री काढू नये.

आता सगळ्यात जवळचे कुलूप. इथे फायनान्सवर घेतलेल्या बऱ्याच फोनमध्ये कर्ज देणारा एक ॲप टाकून ठेवतो. हप्ता चुकला की फोन बंद. रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये ही पद्धत थांबवायला सांगितल्याचे आणि 2025 मध्ये अटी घालून परत मुभा देण्याचा विचार चालवल्याचे वर्तमानपत्रांत आले. आमचे मत विचाराल तर, वसुलीसाठी माणसाचा फोन बंद करणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे आहे. मजुरी त्यावरच ठरते, रेशनचा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. हजच्या चाळीसेक दिवसांत एक हप्ता तरी येतोच. आपल्यात निघण्याआधी देणे-घेणे मिटवून, माफी मागून जातात. किराणावाल्याची उधारी आठवते, फोनचा हप्ता तेवढा कुणी धरत नाही. तोही धरा.

तपासायला दुकान लागत नाही. शेजाऱ्याचे दुसऱ्या कंपनीचे सिम दोन मिनिटे मागा, आपल्या फोनमध्ये टाका, एक फोन लावून बघा. लागला तर सिमचे कुलूप नाही. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या जनरल, मग अबाउटमध्ये कॅरिअर लॉकपुढे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असे दिसले पाहिजे. जुना फोन घेत असाल तर *#06# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय संचार साथीवर तपासा, चोरीचा असेल तर तिथे कळते. दुकानदार आयएमईआय बदलून देतो म्हणाला तर उठून या. कंपनीकडून कुलूप काढून घेणे हा आपला हक्क आहे, आयएमईआयशी छेडछाड हा 2023 च्या दूरसंचार कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इथले सिम मात्र काढून घरी ठेवू नका. बँकेचे मेसेज त्यावरच येणार. दोन सिमचा फोन असेल तर एकात इथले रोमिंग चालू करून, दुसऱ्यात सौदीचे.

खालांच्या भाच्याने नंतर उरलेले हप्ते एकदम भरले आणि कंपनीने तिकडे बसूनच कुलूप काढले. दुकानदाराला एक रुपया द्यावा लागला नाही. खाला तोवर उमराह करून परत आल्या होत्या.