किलोमागे 22 रुपये

फ्रिज, टीव्ही, एसी बनवणाऱ्या कंपन्यांनी जुन्या मालाच्या पुनर्प्रक्रियेसाठी किलोमागे किमान 22 रुपये मोजावेत, स्मार्टफोनसाठी 34, असा दर केंद्र सरकारने बांधून दिला. त्याविरुद्ध सॅमसंग, एलजी, डायकिन, व्होल्टास अशा मातब्बर कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर बाजाराने ठरवावा, सरकारने त्यात पडू नये, हे त्यांच्या बाजूचं मुख्य म्हणणं. हा बोजा शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी बसेल, हे त्याला जोडून येतं.

बोजाचा हिशेब सोपा आहे. 50 किलोच्या फ्रिजचे, पूर्ण वजन धरलं तरी, 1100 रुपये होतात. फ्रिज 10 वर्षं चालला तर वर्षाला 110. त्यातही 2025-26 साठी कंपन्यांना दिलेलं उद्दिष्ट 70 टक्के मालाच्या पुनर्प्रक्रियेचंच आहे. हजारो रुपयांच्या वस्तूवर एवढ्यासाठी गरीब गिऱ्हाइकाची ढाल पुढे करणं मला पटत नाही.

बाजाराचा मुद्दा मात्र वजनदार आहे. भंगारवाला जुना एसी पैसे देऊन दारातून उचलून नेतो. बाजार आपणहून काम करतोय, मग शुल्क कशाला?

तो एसी पुढे कुठे जातो ते पाहा. भंगारवाल्याला हवं असतं तांबं, ॲल्युमिनियम, पत्रा. त्यासाठी नळी कापली की आतला गॅस हवेत जातो. जुन्या एसीतला आर-22 घ्या: त्याचा एक किलो वातावरण तापवतो तो सुमारे 1800 किलो कार्बन डायऑक्साइडइतका. तो गॅस बाटलीत भरून घ्यायला यंत्र लागतं, वेळ लागतो, आणि त्यातून भंगारवाल्याला काहीच सुटत नाही. तीच गत जुन्या टीव्हीच्या शिसं असलेल्या काचेची आणि फ्रिजमधल्या फोमची. दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला तारा जाळून तांबं निघतं, बोर्ड आम्लात बुडवून धातू निघतो, आणि धूर तिथल्याच पोरांच्या छातीत जातो. बाजार किंमत असलेल्या वस्तूची किंमत देतो. ज्याला किंमत नाही पण ज्यात विष आहे, त्याचे पैसे तो कधीच देणार नाही. शुल्क आहे ते त्या उरलेल्या मालासाठी. आणि दराला खालून टेकू नसेल, तर पुनर्प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र कंपन्यांना सगळ्यात स्वस्त विकणार तोच, जो गॅस सोडून देतो.

पैसे दिले म्हणजे काम झालं असं नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. प्लॅस्टिकच्या बाबतीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मोजक्या कारखान्यांनी सुमारे 6 लाख खोटी प्रमाणपत्रं काढल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच आढळलं. ही लूट आहे. पण रेशनच्या धान्याला पाय फुटतात म्हणून कोणी रेशन बंद करा म्हणत नाही, तपासणी मागतो. इथेही तीच मागावी, आणि कडक मागावी.

माझी तक्रार वेगळी आहे. हे पैसे आपल्याला दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2005 पासून टीव्ही आणि मॉनिटर विकत घेताना शुल्क द्यावं लागतं. सुरुवातीला ते पडद्याच्या आकारानुसार 6 ते 10 डॉलर होतं, आणि पावतीवर वेगळं लिहिलेलं असे. जपानने 2001 पासून वस्तू टाकताना पैसे घ्यायला सुरुवात केली. तेव्हा ते चुकवायला रात्री रस्त्याकडेला फ्रिज सोडून जाणारेही निघाले. म्हणून पैसे आधीच घ्यावेत आणि उघड घ्यावेत. आपल्याकडच्या पावतीवरही ती ओळ यायला हवी.

आणि त्या रकमेतला ठरलेला वाटा भंगारवाल्याच्या हाती पडायला हवा, कॉम्प्रेसर न फोडता, नळी न कापता अख्खा एसी नोंदणीकृत कारखान्यात पोचवल्याबद्दल. आज त्याला तांब्याचे पैसे मिळतात, म्हणून तो नळी कापतो. गॅस आत ठेवण्याचे पैसे त्याला आजवर कोणी देऊ केलेले नाहीत.