‘घरी पडलो’ असं डॉक्टरांना सांगू नका

मासेमारी बोटीच्या विंचमध्ये हात सापडला की जखमी खलाशासोबत दवाखान्यात बहुतेक वेळा मालकाचा माणूस येतो. मी विचारतो खलाशाला, उत्तर देतो तो माणूस: "घरी पडला, डॉक्टर." घरी पडून अंगठा मुळापासून चिरडत नाही, हे आम्हाला कळतं. तरीही केस पेपरवर ‘घरी पडला’ एवढंच लिहिलं जातं, आणि त्या दोन शब्दांत तुमचे लाखो रुपये बुडू शकतात.

लाखो हे उगाच म्हणत नाही. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हा कायदा १९२३ पासून आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्येही तो सामावला आहे. यांत्रिक बोटीवरचा खलाशी आणि तांडेल त्यात येतात. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं कायदा धरतो, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. महिना १५,००० रुपये मिळवणारा ३० वर्षांचा खलाशी घ्या. वेतनाचे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणिले त्या वयाचा ठरलेला आकडा २०७.९८, त्याचे ३० टक्के. एका अंगठ्याचे झाले ५,६१,५४६ रुपये. आणि मालक दहा-वीस हजार हातावर ठेवून म्हणतो, "मिटवून टाकू."

"दवाखान्याचं बिल मी भरलं ना?" भरलं, उपकार नाही केले. उपचाराचा खर्च भरपाईपेक्षा वेगळा द्यावा लागतो. "चूक त्याचीच होती." साध्या बेसावधपणाने हक्क जात नाही. दारू प्यायला होता, हा बचावसुद्धा मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास चालत नाही. "तो हंगामापुरता होता." नैमित्तिक कामगारांना वगळणारी अट २००० सालीच काढून टाकली आहे. सरकारी अपघात विमा मिळाला तरी मालकाची जबाबदारी संपत नाही.

सगळ्यात चीड येते ती स्टॅम्प पेपरची. ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून खाली खलाशाची सही घेतात. अंगठा उरला असेल तर अंगठा. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. सही केली असली तरी दावा करता येतो. खलाशी दगावला तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. विधवेच्या हातात दिलेलं पाकीट कायदा भरपाई मानत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगायचं आहे. एमएलसी नको, पोलीस नको, कोर्टात साक्ष नको, म्हणून आपण सोयीचं वाक्य लिहितो. त्या वाक्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

तुम्ही काय करायचं? डॉक्टरांशी स्वतः बोला; सोबतच्याला बाहेर थांबवायला सांगा, तो तुमचा अधिकार आहे. बोटीचं नाव, तारीख, अंदाजे वेळ, कोणतं काम चालू होतं, हे केस पेपरवर लिहून घ्या. एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा, मालकाकडे नको. जखमेचे फोटो काढा. सोबतच्या दोन खलाशांचे नंबर घ्या, कारण हंगाम संपला की ते नेपाळला नाहीतर कर्नाटकात गेलेले असतात. बारीक इजाही दाखवा. शिंगाळ्याचा काटा हातात घुसला तर लोक हळद दाबून कामाला लागतात आणि चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजलेला असतो. तीन दिवसांहून जास्त काम बंद राहिलं तरच भरपाई लागू होते, म्हणून विश्रांती किती दिवस सांगितली तेही कागदावर हवं.

घाव पूर्ण भरल्यावर अपंगत्वाचा दाखला घ्या. यादीत नसलेल्या इजेसाठी तर डॉक्टरांनी ठरवलेली टक्केवारीच चालते. दावा लावायला दोन वर्षं उलटू देऊ नका. अपघात झाला त्या भागात, किंवा तुम्ही राहता तिथल्या आयुक्तांकडेही तो लावता येतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीचा अर्ज करा. जाताना केस पेपर सोबत न्या.